रिकाम्या खुर्चीची तपासणी

आजच्या या समारंभाचे माननीय अध्यक्ष, कामाच्या गर्दीतून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, मंडळाच्या चिटणीसबाई, व्यासपीठावर बसलेले सर्व पदाधिकारी, आणि पाच पायऱ्या खाली बसलेल्या माझ्या सगळ्या माणसांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषण येत नाही. हे सगळेच वक्ते म्हणतात आणि मग पाऊण तास बोलतात, म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण माझं शिक्षण सहावीपर्यंत. सहावीच्या परीक्षेला बसलो होतो, निकाल बघायला गेलो नाही, त्यामुळे सहावी पास की नापास हे अजून कुणालाच ठाऊक नाही. त्यानंतर एकेचाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या. माझी सून तिसऱ्या रांगेत बसली आहे. घरून निघताना तिने बजावलंय, "बाबा, दोन मिनिटं बोला, आभार माना आणि बसा. आणि कुणाचंही नाव घेऊ नका, तुम्हाला सवय आहे." तर मी नाव कुणाचंच घेणार नाही. दोन मिनिटांचं मात्र सांगता येत नाही. काल रात्री हे सगळं मनात घोळवत पडलो होतो, झोप लागली नाही. तेव्हा मध्येच थांबलो तर समजून घ्या.

आधीच्या वक्त्यांनी माझ्याविषयी फार चांगलं सांगितलं. ‘सेवेचा नंदादीप’ म्हणाले. मी मागे वळून बघितलं, कुणाविषयी चाललंय म्हणून. चिटणीसबाईंनी सांगितलं की अकरा वर्षांत मी मंडळाच्या रुग्णसाहित्य खोलीतून एकही वस्तू नादुरुस्त बाहेर जाऊ दिली नाही. हे वाक्य अहवालातही छापलंय. मी त्याच वाक्याविषयी बोलणार आहे, कारण ते खोटं आहे.

पाहुण्यांना आमची खोली माहीत नसेल. या सभागृहाच्या मागच्या अंगाला आहे. घरात कुणाचं हाड मोडलं, कुणाला अर्धांगवायू झाला, की माणसं आमच्याकडे येतात. अठ्ठावीस चाकाच्या खुर्च्या, चाळीसेक वॉकर, कुबड्या, हवेच्या गाद्या, कमोडच्या खुर्च्या. वस्तू न्यायची, गरज संपली की आणून द्यायची. काम चांगलं आहे. कामाला मी नावं ठेवत नाही. नावं ठेवायची आहेत ती आम्हाला, करणाऱ्यांना.

आमच्याकडे वह्या दोन. निळी वही स्वयंसेवकांची, तांबडी वही लाभार्थ्यांची. देणारे निळ्या वहीत, घेणारे तांबडीत. जगातली सगळी माणसं या दोन वह्यांत बसतात अशी मंडळाची समजूत आहे.

सहा वर्षांपूर्वी एक मुलगी स्वतःची खुर्ची स्वतः ढकलत आमच्या टेबलाशी आली. तेव्हा वीस वर्षांची असेल. टेबलावर आमचा एक स्वयंसेवक होता, बँकेतून निवृत्त झालेला, अक्षर मोत्यासारखं. त्याने मान वर न करता विचारलं, "कोणती वस्तू पाहिजे?"

ती म्हणाली, "वस्तू नकोय. मला इथे काम पाहिजे. फुकट करीन."

आता हा माणूस अडचणीत आला. खुर्चीवरून आलेलं माणूस आणि वस्तू नको म्हणतंय. त्याने तांबडी वही उघडली, तिचं नाव लिहिलं, आणि ‘दिलेली वस्तू’ या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘काम’. अनुक्रमांक चारशे बारा. परतीची तारीख, तीन महिने.

हसू नका. पुढचं ऐका. तीन महिन्यांनी तिच्या घरी मंडळाचं पत्र गेलं. ‘आपण नेलेली वस्तू, काम, मुदत संपूनही परत केलेली नाही. कृपया सुस्थितीत जमा करावी.’ खाली सही आणि शिक्का. तिने ते पत्र मला आणून दाखवलं. मी वाचलं आणि मला वाटलं, काहीतरी मोठी कायद्याची भानगड झाली, आता पोलीस येणार. ती म्हणाली, "काका, सुस्थितीत आहे ना बघा, आणि मुदत वाढवून द्या." तेव्हापासून सव्वापाच वर्षं दर तीन महिन्यांनी मी तिच्या कामाची मुदत वाढवून घेत होतो. ती नोंद चुकीची आहे, दुरुस्त करा, असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मला वाटायचं, शिकलेली माणसं आहेत, त्यांनी लिहिलंय म्हणजे काहीतरी असेल.

आम्ही तिला तपासनीस म्हणतो. चेष्टेने म्हणायला लागलो, पण चेष्टा आमच्यावर उलटली. पहिल्याच आठवड्यात मी एक खुर्ची दुरुस्त करून चकचकीत पुसून ठेवली होती. ती म्हणाली, "काका, यात बसून बघितलंत?"

मी म्हटलं, "मी कशाला बसू? मी धडधाकट आहे."

"मग सायकल दुरुस्त केल्यावर चालवून बघत होतात की नाही?"

एकेचाळीस वर्षांत मी एकही सायकल चक्कर मारल्याशिवाय गिऱ्हाइकाला दिली नाही. आणि पाच वर्षं खुर्च्या देत होतो, एकीतही बसलो नव्हतो. बसायचा धीर होत नव्हता, खरं सांगतो. वाटायचं, एकदा बसलो तर उठता येणार नाही. असली भीती असते माणसाला, आणि तिला आपण सेवा असं नाव देतो.

तिने मला त्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "आता दारातून बाहेर जा." गेलो. हाताची बोटं चौकटीत सापडून सालटी निघाली. ढकलणाऱ्याला सोयीची खुर्ची होती ती, बसणाऱ्याला नव्हे. मग तिने आणखी एकाला आणलं, तिच्या ओळखीचा, त्याला दिसत नाही. त्याला आम्ही कानवाला म्हणतो. तो चाक फिरवून ऐकतो आणि सांगतो, "डावं पुढचं रडतंय." उघडून बघावं तर बेअरिंगचे छर्रे झिजलेले. त्या दोघांनी मिळून माझी अर्धी कारागिरी मोडीत काढली. कानवाल्याचीही नोंद तांबड्या वहीत. दिलेली वस्तू, पांढरी काठी. काठी त्याची स्वतःची होती.

मंडळाने या मुलांसाठी काही केलं नाही असं मात्र म्हणू नका. वर्षातून एकदा सहभाग दिन असतो. त्या दिवशी या मुलांना एकसारखे सदरे आणि टोप्या मिळतात. चार वर्षांपूर्वी झाडं लावली. खड्डे आदल्या दिवशी मजुरांनी खणलेले. झाड तपासनिसाच्या हातात दिलं, तिच्या हातावर पाहुण्यांनी हात ठेवला, पाहुण्यांच्या हातावर अध्यक्षांनी. एवढ्या हातांखाली ते रोप दबून मेलं. फोटो मात्र छान आला. अहवालाच्या मुखपृष्ठावर चार वर्षं तोच आहे. आधी या मुलांना अपंग म्हणायचे, मग दुसरा शब्द आला, मग विशेष. शब्द बदलायला तीन बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीला चहा-बिस्किटं. मी तिन्हींना होतो, बिस्किटं मीही खाल्ली.

आणि आज या कार्यक्रमपत्रिकेत आहे, ‘विशेष युवकांचा सन्मान’. तो खाली होणार आहे. अठ्ठावीस चाकाच्या खुर्च्या बाळगणाऱ्या मंडळाच्या व्यासपीठाला पाच पायऱ्या, आणि बाजूने फळी टाकावी हे कुणाच्या डोक्यात नाही. पाहुणे खाली उतरून त्यांना फूल देणार. पाहुण्यांनो, तुमचा यात दोष नाही. तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही करणार.

पाणी द्या जरा. सूनबाई, हात हलवतेस ते कळतंय मला, पण आता थांबता यायचं नाही.

अकरा नंबरच्या खुर्चीचं सांगतो.

आठ महिने झाले. ती खुर्ची मी दुरुस्त केली. ब्रेक लावला, हाताने ढकलून बघितली, हलली नाही. निळ्या वहीत माझ्या नावापुढे लिहिलं, ‘ठीक’, आणि सही केली. दुपारी तपासनीस त्या खुर्चीत बसली आणि खोलीबाहेरच्या उतारावर जाऊन तिने ब्रेक लावला. खुर्ची वीतभर सरकली. ती म्हणाली, "काका, रिकामी खुर्ची थांबते. माणूस बसलं की थांबत नाही. टायर नरम आहे, ब्रेक घट्ट बसत नाही. ट्यूब बदलेपर्यंत ही देऊ नका." तिने दांड्याला लाल फीत बांधली. लाल फीत म्हणजे द्यायची नाही, ही तिचीच पद्धत. वहीत लिहायची तिला परवानगी नव्हती, म्हणून फीत.

दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतला शिंपी आला. आईच्या खुब्याचं हाड मोडलेलं, दवाखान्यातून घरी आणायची घाई. बाकीच्या खुर्च्या बाहेर गेलेल्या. टेबलावरच्या आमच्या स्वयंसेवकाने फीत बघितली. "ही कुणी बांधली?"

मी म्हटलं, "तपासनिसाने."

"ती लाभार्थी आहे. लाभार्थ्याची हरकत कुठे लिहायची? वहीत तुमची ‘ठीक’ म्हणून सही आहे. स्वयंसेवकाची सही ग्राह्य. काका, तुम्हीच सांगा, तुमची सही खरी का त्या पोरीची फीत?"

आता मला इथे बसलेल्या प्रत्येकाला विचारायचंय, तुम्ही काय उत्तर दिलं असतं? मला माहीत होतं ती बरोबर आहे. एकेचाळीस वर्षं मी टायर दाबत आलोय, मला नरम टायर कळत नाही? पण शिकलेल्या माणसाने सगळ्यांसमोर माझी सही खरी म्हटलं. आयुष्यात माझ्या सहीला कुणी एवढा मान दिला नव्हता. मी कात्री घेतली आणि फीत कापली. दुसऱ्या कुणी नाही. मी.

चार दिवसांनी शिंप्याची आई दुकानासमोर उन्हात बसली होती. ब्रेक लावलेला. दोऱ्याचं रीळ खाली पडलं म्हणून ती वाकली, खुर्ची सरकली, फुटपाथच्या कडेवरून उलटली. उजवं मनगट मोडलं. नीट जुळलं नाही. ती बाई हाताने काजं करायची. लांबलांबून लोक कोटाची काजं तिच्याकडून करून घ्यायला यायचे. आता ती सुई धरू शकत नाही.

मग मंडळाची बैठक झाली. चौकशी. चिटणीसबाईंनी वही वाचली. वहीत ‘ठीक’. म्हणजे मंडळाची चूक नाही. मग फितीचा विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, अशा अनधिकृत फितींनी गोंधळ होतो. सगळ्यांना एकदम हायसं वाटलं, गोंधळ सापडला. ठराव झाला, ‘लाभार्थ्यांनी यापुढे साहित्याला हात लावू नये व साहित्य खोलीत प्रवेश करू नये.’ एकमताने मंजूर. एकमताने म्हणजे माझंही मत त्यात आलं. कात्री कुणाच्या हातात होती हे कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. अनुक्रमांक चारशे बाराची वस्तू सव्वापाच वर्षांनी जमा झाली.

तपासनीस घरी बसली नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला आली आणि दाराबाहेर उतारावर थांबली. म्हणाली, "मी आत येत नाही. तुम्ही बाहेर आणा." आठ महिने मी एकेक खुर्ची बाहेर ढकलत नेतो, ती बसून बघते, कानवाला ऐकतो, मी आत येऊन त्यांचं मत माझ्या सहीने लिहितो. या आठ महिन्यांत एकही खुर्ची सरकली नाही. ज्या कामाबद्दल आज माझा सत्कार चाललाय ते हे काम. अहवालाच्या मुखपृष्ठावर तपासनीस आहे आणि खोलीच्या दाराबाहेरही तपासनीस आहे.

सोमवारपासून मी नाही. माझी नजर गेली, हात कापतो, मी मुलीकडे राहायला चाललोय. माझ्या जागी येणारे गृहस्थ सज्जन आहेत, व्यवस्थापन शिकलेले आहेत. त्यांना मी परवा विचारलं, "खुर्च्या बाहेर उतारावर नेणार ना?" ते म्हणाले, "काका, आता आपण यादी करू. टिकमार्क." म्हणजे पुन्हा रिकामी खुर्ची हाताने ढकलून बघणार आणि ‘ठीक’ लिहिणार.

गेल्या आठवड्यात मी शिंप्याकडे गेलो. तीन वेळा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरलो होतो. चौथ्यांदा आत गेलो आणि सांगितलं. शिंप्याने शिलाई यंत्र थांबवलं. मग म्हणाला, "आठ महिने मी आईला बोलतोय, तूच कशाला वाकलीस म्हणून."

आई आतून म्हणाली, "त्या पोरीला सांगितलंत का हे सगळ्यांसमोर?"

मी म्हटलं, "नाही."

"मग इथे कशाला आलात? माझं मनगट काही जोडलं जायचं नाही. तिचं काम जोडता येईल." आणि वर म्हणाली, "तुम्ही सायकलीच दुरुस्त करायच्या होत्या. सायकलवाला पडला की निदान शिव्या तरी देतो."

तपासनीस, तू पहिल्या रांगेत आहेस, चष्म्यातून मला नीट दिसत नाही, पण आहेस. फीत मी कापली. तू बरोबर होतीस हे मला तेव्हाही माहीत होतं.

चिटणीसबाई, चिठ्ठी पाठवू नका, मला वाचता येणार नाही. संपवतोच आहे.

आज सकाळी मी साहित्य खोलीत गेलो, घ्यायला. गुडघे गेलेत, डॉक्टरांनी वॉकर सांगितलाय. तो माझ्या खुर्चीमागे उभा आहे, तुम्हाला वाटलं असेल कुणीतरी विसरून गेलं. मी एक नवा कोरा उचलला. तपासनिसाने दाराबाहेर मला चालायला लावलं आणि म्हणाली, "काका, हा तुम्हाला दोन भोकं उंच आहे, खांदे कानाला लागताहेत." तिने वॉकरचे चारही पाय दोन भोकं आत सरकवले, मला वळायला लावलं, पुन्हा चालवलं. मग मी तांबडी वही तिच्यापुढे धरली. लाभार्थी, मी. दिलेली वस्तू, वॉकर. तपासून देणाऱ्या स्वयंसेवकाची सही, तिची. नियम असा आहे की त्या जागी फक्त निळ्या वहीतल्या माणसाची सही चालते.

दोन्ही वह्या मी पिशवीत आणल्या आहेत. या बघा, अध्यक्षांच्या टेबलावर ठेवतो.

अध्यक्षसाहेब, आता तिची सही खोटी असेल तर हा वॉकर मला बेकायदा दिलेला आहे. तो इथल्या इथे जप्त करा आणि दोन स्वयंसेवक द्या, मला उचलून खाली न्यायला. पाहुणे बघतीलच. आणि सही खरी असेल तर चारशे बारा नंबर तांबड्या वहीतून काढा आणि निळीत लिहा, कानवाल्यालाही लिहा, तो ठराव मागे घ्या, आणि खोलीचा ताबा तपासनिसाला द्या. व्यवस्थापनवाल्या गृहस्थांनी तिच्या हाताखाली यादी करावी, यादी वाईट नसते. बैठक बोलावू असं म्हणू नका. ठराव करायला तुम्हाला दहा मिनिटं लागली होती. मी उभा आहे. मला फार वेळ उभं राहता येत नाही हे तुम्हाला डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून कळेल.

लिहिताय? बरं.

वाचून दाखवा जरा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

‘मानद स्वयंसेवक’.

नाही साहेब. ‘मानद’ खोडा. मानद म्हणजे फूल देऊन बाजूला बसवायचं माणूस. मला करा मानद, मी जातोच आहे. तिला नुसतं स्वयंसेवक लिहा, तुमच्या-आमच्यासारखं, म्हणजे उद्या चुकली तर तिला जाबही विचारता येईल आणि बरोबर असली तर तिचं ऐकावंही लागेल.

खोडलंत. कानवाल्याचंही. आभारी आहे. तो ठराव निळ्या वहीच्या मागच्या पानावर आहे, त्यावर ‘रद्द’ आणि खाली तारीख घाला. ताब्याचं चिटणीसबाई लिहिताहेत, पेनाची करकर इथवर ऐकू येतेय, रागाने लिहिताहेत, पण लिहिताहेत.

अकरा वर्षं मला सांभाळून घेतलंत त्याबद्दल मंडळाचे, पाहुण्यांचे आणि एवढा वेळ खुर्चीला चिकटून बसलेल्या तुम्हा सर्वांचे आभार. सूनबाईचेही, तिने दोन मिनिटं सांगितली होती. अडाणी माणसाच्या बोलण्यात कुणाला लागलं असेल, तर जे अकारण लागलं त्याबद्दल माफी मागतो. बाकीचं लागू द्या. शिंप्याच्या आईची माफी मी मागितली आहे, तिने दिलेली नाही, आणि ती द्यावी असं मी कुणामार्फत सुचवणार नाही.

नमस्कार.